टूथपेस्टमधलं लाल शेवाळ
टूथपेस्ट ब्रशवर ओघळत नाही, नळीत तिचं पाणी सुटत नाही. अनेक पेस्टमध्ये हे काम कॅरागीनन करतं. लाल समुद्रशेवाळाच्या पेशीभित्तिकेतली ही शर्करेची लांब साखळी पाणी धरून ठेवते. तमिळनाडूत मंडपमच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांना बांधून कप्पाफायकस हे शेवाळ त्यासाठीच वाढवतात. लोशन, शाम्पू, काही शाकाहारी कॅप्सूलची कवचं, सगळीकडे कॅरागीननच. त्याचा आयोटा प्रकार नाकात फवारतात. विषाणूंना पेशींवर चिकटायला तो अडथळा करतो. रामबाण मात्र नव्हे. गंमत म्हणजे, सूज उतरवणाऱ्या औषधांची परीक्षा घेताना उंदराच्या पंजात आधी सूज आणायला कॅरागीननच टोचतात! क्रीममध्ये ते मुख्यतः दाटपणासाठी असतं. तेव्हा डबीवरच्या ‘समुद्री अर्क’ या शब्दांना भुलून जास्त पैसे मोजू नका.