भिंतीच्या जागी काच

छप्पर तोलायला भिंत लागते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मग छत दगडी, तेही जमिनीपासून सुमारे १२० फूट उंच, आणि भिंतीच्या जागी बहुतेक काचच काच, अशी इमारत उभी राहील कशी? फ्रान्समध्ये, पॅरिसच्या नैर्ऋत्येला, गव्हाच्या सपाट मुलखात शार्त्र नावाचे गाव आहे. तिथले चर्च असे आठशे वर्षे उभे आहे.

१० जून ११९४ च्या रात्री गावाला आग लागली आणि जुने चर्च बहुतेक जळून गेले. येशूची आई मेरी हिचे म्हणून जपलेले एक वस्त्र तिथे होते. त्याच्या दर्शनाला लांबलांबून यात्रेकरू येत. तेही जळाले असे समजून लोक हवालदिल झाले. तिसऱ्या दिवशी ते तळघरातून सुखरूप बाहेर आले. मग सर्वांच्या मनाने घेतले, की मेरीलाच याहून मोठे मंदिर हवे आहे! तीसेक वर्षांत मुख्य बांधकाम झाले.

आता मघाचा प्रश्न. दगडी कमानदार छत नुसते खाली दाबत नाही, ते भिंतींना बाहेरही ढकलते. शिक्षकांनी हे वर्गात करून दाखवावे. दोन जाड पुस्तके एकमेकांना तिरपी टेकवून उभी करा. खालच्या कडा बाहेर सरकतात की नाही? म्हणून आधीच्या चर्चांच्या भिंती अतिशय जाड, खिडक्या लहान आणि आत काळोख. आता त्या पुस्तकांच्या कडांना दोन्ही बाजूंनी एकेक दगड लावा. पुस्तके जागची हलत नाहीत. शार्त्रच्या गवंड्यांनी हेच केले. छताला दगडी फासळ्या घातल्या, त्यामुळे भार ठरावीक खांबांवरच येऊ लागला. कमानी टोकदार केल्या. त्या गोल कमानीपेक्षा कमी ढकलतात. उरलेला रेटा घ्यायला इमारतीच्या बाहेर भक्कम दगडी बुरूज बांधले आणि त्यांच्यापासून छताच्या खांद्यापर्यंत अर्ध्या कमानींचे टेकू दिले. भिंतीला काम उरले नाही. तिथे काच बसली.

अशा दीडशेंहून अधिक खिडक्या तिथे आहेत. वाळू आणि लाकडाची राख वितळवून काच करीत. निळ्या रंगासाठी त्यात कोबाल्ट. खडूने पांढऱ्या केलेल्या फळीवर चित्र आखायचे, तापलेल्या लोखंडाने काचेचे तुकडे पाडायचे, चेहरे आणि वस्त्रांच्या चुण्या गडद रंगाने रेखून भट्टीत भाजायच्या, मग शिशाच्या पट्ट्यांनी तुकडे जोडायचे. बहुतेक खिडक्यांतली गोष्ट खालून वर वाचत जायची. या खिडक्या म्हणजे निरक्षरांचे बायबल, असे पुस्तकांतून म्हटलेले असते. मला ते अर्धेच पटते. उंचावरची बारीक चित्रे खालून कुणाला दिसणार? गोष्ट आधी कुणी तरी सांगितलेली असली, तरच ती ओळखू येते.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ साली, या काचा उतरवून सुरक्षित ठिकाणी हलवल्या आणि युद्धानंतर पुन्हा बसवल्या.

मला स्वतःला सर्वांत गुंतवतात ती खालच्या भागातली चित्रे. नोहाच्या खिडकीत सुतार आणि चाके करणारे, दुसरीकडे चांभार, पाव भाजणारे, पाणके, आपापल्या कामात दंग. या कारागिरांनीच त्या खिडक्या दान दिल्या, असे फार काळ मानले गेले. हल्लीच्या काही अभ्यासकांना ते मान्य नाही. चर्चचे अधिकारी श्रीमंत जमीनदार होते आणि गावाशी त्यांचे पटत नव्हते. १२१० साली तर गावकऱ्यांनी एका बड्या धर्माधिकाऱ्याच्या घरावर चाल केली होती. तेव्हा ही चित्रे दात्यांनी काढवून घेतलेली, की कुणाकडून काय यायला हवे ते अधिकाऱ्यांनी दाखवलेले? वाद मिटलेला नाही. पाणक्या मात्र अजून तिथेच आहे, खांद्यावरच्या ओझ्यासकट.