आग विझवणारा फेस, आग वाढवणारा फोम

आम्ही लोणी काळभोरची माणसे. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या टँकरच्या रांगा आम्हाला रोजच्याच. मुंबईहून पाइपलाइनने आलेले पेट्रोल-डिझेल इथल्या डेपोंतल्या अवाढव्य टाक्यांत साठते आणि टँकरमधून गावोगावी जाते. या टाक्यांना आग लागलीच, तर ती विझवायची कशाने? पाण्याचा फेस करून! मुलांना हे सांगितले की ती हसतात. म्हणतात, "साबणाच्या फेसाने कधी आग विझते का?"

प्रश्न चांगला आहे. फेस म्हणजे पातळ भिंतींत कोंडलेली हवा किंवा वायू. भिंत पाण्याची असेल तर तो साबणाचा किंवा ताकाचा फेस. तीच भिंत प्लास्टिकची किंवा रबराची असून घट्ट झाली, की तो गादीचा फोम. या घट्ट फोममध्येही दोन जाती आहेत. स्पंजचे बुडबुडे एकमेकांत उघडतात. त्यामुळे तो पाणी शोषतो, दाबला की दबतो आणि सोडला की फुगतो. सोफा, गादी, भांडी घासायचा स्पंज हे सगळे याच जातीचे. थर्माकोलचा प्रत्येक बुडबुडा मात्र बंद असतो. त्यातून पाणी सहज शिरत नाही आणि उष्णताही फारशी जात नाही. म्हणून मासळीचा बर्फ थर्माकोलच्या पेटीत टिकतो. फ्रिजच्या भिंतीतही बंद बुडबुड्यांचाच कडक फोम भरलेला असतो.

आपल्या घरांत फोम आला तो कापसाच्या जागी. पूर्वी नदाफ-पिंजारी समाजाचे कारागीर दारात येऊन कापूस पिंजायचे आणि गादी भरून द्यायचे. आता दुकानात आपण "३२ डेन्सिटी की ४०?" असे विचारतो. हा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोतले वजन. वजन जास्त असेल तर गादी साधारणपणे लवकर बसत नाही.

आता डेपोकडे वळू. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते. जळत्या पेट्रोलवर नुसते पाणी मारले तर पाणी तळाशी जाते आणि पेटलेले पेट्रोल वर तरंगत पसरते. फेस मात्र पेट्रोलपेक्षाही हलका असतो. तो वर गोधडीसारखा पसरतो, वाफ दाबून धरतो, हवा तोडतो आणि त्यातले पाणी गारवा देते. नेहमीच्या एका प्रकारात १०० लिटर मिश्रणात ९७ लिटर पाणी आणि फक्त ३ लिटर औषध असते. हवा मिसळली की ते अनेक पटींनी फुगते. इथेनॉलची आग असेल तर साधा फेस चालत नाही, कारण इथेनॉल त्यातले पाणी ओढून घेते आणि फेस विरतो. त्यासाठी अल्कोहोलपुढे टिकणारा वेगळा फेस ठेवावा लागतो.

गादीच्या फोमचे नेमके उलट आहे. तो खनिज तेलापासूनच बनतो आणि त्याच्या पोटात हवा भरलेली असते. त्यामुळे तो भराभरा पेटतो. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू असतात. अशा आगीत ज्वाळा पोहोचण्याआधीच माणूस धुराने बेशुद्ध पडू शकतो. म्हणून लोबानाचे निखारे, डासांची अगरबत्ती किंवा चार्जिंगला लावलेला मोबाइल गादीजवळ नको. गादी पेटली तर सामान वाचवत बसू नका. मुलांना आणि थोरांना घेऊन वाकून बाहेर पडा, दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा.

स्वयंपाकघरातही तेच. इफ्तारची भजी तळताना कढईतले तेल पेटले तर पाणी ओतू नका. पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळते तेल अंगावर उडते. हात पोहोचत असेल तर गॅस बंद करा, वर मोठे झाकण सरकवा आणि तेल थंड होईपर्यंत ते उचलू नका. डेपोतला फेस जे काम करतो, तेच घरात झाकण करते.

रस्त्याचेही सांगायला हवे. २५ जून २०१७ रोजी, ईदच्या आदल्या दिवशी, पाकिस्तानातल्या अहमदपूर शर्कियाजवळ पेट्रोलचा टँकर उलटला. सांडलेले पेट्रोल भरून घ्यायला लोक भांडी घेऊन धावले. भडका उडाला आणि २०० हून अधिक माणसे गेली. आमच्या गावातून तर टँकर रोज जातात. उद्या एखादा उलटला, तर डबा घेऊन कोणी पुढे जाऊ नये. मुलांना मागे ओढावे, विडी-काडी विझवावी आणि फेस घेऊन येणाऱ्या बंबाला वाट मोकळी करून द्यावी. चार लिटर पेट्रोलसाठी घरातले माणूस गमावण्याइतके आपण कोणीच गरीब नाही.