दूरच्या संगणकाचं सुरक्षित दार
दूरच्या संगणकावर लॉगिन करायला पूर्वी टेलनेट आणि फाइली पाठवायला एफटीपी वापरत. दोन्हींत पासवर्ड जसाच्या तसा जाई. वाटेत तो कोणालाही वाचता येई. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर अशी पासवर्डची चोरी झाली, तेव्हा तिथले संशोधक टाटू युलोनेन यांनी सुरक्षित लॉगिनसाठी एसएसएच लिहिलं. त्याला पोर्ट २२ मिळालं, एफटीपीच्या २१ आणि टेलनेटच्या २३ यांच्या मधलं.

लिनक्स सर्व्हरवर सहसा त्याचं ओपनएसएसएच हे रूप असतं. त्यातला ‘एसएसएचडी’ हा प्रोग्राम पोर्टवर सतत कान लावून बसतो. जोडणी आली की आधी सांकेतिकीकरणाची बोलणी होतात, मग ओळख पटवली जाते. फाइलींसाठीचं एसएफटीपी याच जोडणीतून चालतं. वेगळं पोर्ट उघडावं लागत नाही, ही मोठीच सोय. ओळख पटवायला पासवर्डपेक्षा किल्ल्यांची जोडी कितीतरी भक्कम: सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर, खासगी स्वतःपाशी. किल्लीनं लॉगिन होतंय याची खात्री करून पासवर्डनं होणारा प्रवेश बंदच करावा.