कशेळ्याहून सायकल, तंबू आणि चढ

वाळवंटी सायकल सफारीत पाणी गाडीवर लादून न्यावं लागतं. कर्जत-मुरबाड रस्त्यावरच्या कशेळ्याकडची पेज नदी मात्र भर उन्हाळ्यातही वाहते. टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून (१९२२) सुटणारं पाणी तिला मिळतं. राजनाला कालव्यावरची उन्हाळी भातशेतीही त्याच पाण्याची.

हा रस्ता कशेळ्याला सोडून आत वळलं की आंबिवली. तिथून कोथळीगडाच्या पायथ्याच्या पेठ गावापर्यंत खडा, कच्चा रस्ता. जाड टायर, खात्रीचे ब्रेक हवेतच. सायकल ढकलायची लाजही नको. वाटाड्या गावातलाच घ्यावा, मुक्काम पेठेत. पुढे सुळक्याच्या पोटात कोरलेल्या पायऱ्या, तिथे सायकलीचं काम नाही.

कशेळ्याहून दुसरी वाट खांडस गावाची. त्याच्या वरच्या अंगाला भीमाशंकर अभयारण्य (१९८५), शेकरूंचं रान. तिथे तंबू ठोकायचा तर आधी वनखात्याची परवानगी.