पहिलटकरणीला कुणी सांगतच नाही



मागच्या महिन्यात गटाची बैठक संपली. हप्त्यांचा हिशेब झाला, वही मिटली, चहा आला. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एका ताईंच्या सुनेनं मला हळूच विचारलं, "ताई, लई दुखतं का हो?" तिला सातवा लागलाय. पहिलीच खेप. मी तोंड उघडायच्या आत चार जणी बोलल्या. एक म्हणाली, "दुखणारच की, लेकरू काय फुकट मिळतं?" दुसरी म्हणाली, "माझ्या आईचं तर शेतात झालं, काही होत नाही." तिसरीनं तिच्या मावसबहिणीचं काहीतरी भयंकर सांगायला घेतलं, तिला मी गप्प केलं. पोरगी होती त्याहून जास्त भ्याली.

म्हणून आजचं बोलणं तिच्यासाठी. तुमच्या घरात पहिलटकरीण असेल तर तिलाही रेडिओजवळ बसवा, आणि सासूबाई, तुम्हीही बसा.

मी डॉक्टर नाही, नर्स नाही. बी.ए. झालेली तुमची सहयोगिनी आहे आणि दोन लेकरांची आई आहे. पहिल्या वेळी मी बावीस वर्षांची होते. ओटी भरली, हिरवी साडी नेसवली, डोहाळे विचारले, पण कळा कशा येतात हे एकीनंही सांगितलं नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "वेळ आली की समजतं." वेळ आली आणि मला वाटलं, आपण मरतोय. दवाखान्यात मी ओरडले तेव्हा तिथल्या बाई मला जे बोलल्या ते मी रेडिओवर सांगू शकत नाही. दुखणं विसरले, पण ते बोलणं अजून आठवतं. काय चाललंय हे माहीत असतं तर निदान निम्मी भीती तरी वाचली असती.

आधी दिवसांचा हिशेब. आपल्या आज्या नऊ महिने नऊ दिवस म्हणत. दवाखान्यात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने सात दिवस धरतात, म्हणजे साधारण २८० दिवस. कार्डावर तीच तारीख असते, पण बाळ काही तारीख बघून येत नाही. दोन आठवडे अलीकडे, एखादा आठवडा पलीकडे, हे चालतं. त्याच्या पुढं गेलं तर घरी वाट बघत बसू नका.

पहिलटकरणीला बाळाची हालचाल पाचव्या महिन्याच्या सुमारास कळते. आधी ती गॅस असल्यासारखी वाटते, म्हणून लक्षात येत नाही. पुढं मात्र बाळाची एक सवय ठरते. ते नेहमीपेक्षा कमी हलायला लागलं, किंवा हलेनासंच झालं, तर "झोपलं असेल" म्हणून सोडायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

खाण्याबद्दल एकच गोष्ट जोर देऊन सांगते. "जास्त खाऊ नको, बाळ मोठं होईल, अडेल," असं अजून घराघरात म्हणतात. आईला उपाशी ठेवून बाळंतपण सोपं होत नाही. आई अशक्त होते, बाळ कमी वजनाचं होतं आणि कळा सोसायला अंगात ताकद राहत नाही. लोहाच्या गोळ्या रोज एक, निदान १८० दिवस. त्यानं शी काळी होते, घाबरू नका. चहाबरोबर ती गोळी घेऊ नका, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घेतली तर जास्त लागू पडते.

आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, ती चुकवू नका. आमच्या गटातल्या एका ताईंच्या सुनेला आठव्यात डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढं काजवे चमकायचे, चेहरा सुजला. घरचे म्हणाले ऊन लागलं. आशाताईंनी ऐकलं नाही, गाडीत घालून नेलंच. बीपी फार वाढला होता. तसंच घरी ठेवलं असतं तर झटके आले असते. तिचं सिझर झालं, आज दोघं बरे आहेत. म्हणून डोकेदुखी, अंधारी, तोंडाहाताला सूज, ताप, अंगावरून रक्त, यातलं एकही अंगावर काढायचं नसतं.

आता माहेरचं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. चांगली आहे, आईच्या हातचं मिळतं. पण पोरगी बांगड्या घेऊन जाते आणि कार्ड सासरी कपाटात राहतं. तिकडच्या सिस्टरला मग काहीच कळत नाही, रक्त किती होतं, बीपी किती, सोनोग्राफीत काय दिसलं. आपल्याकडच्या बाया ऊसतोडीला जातात, त्यांचंही तेच होतं. कार्ड, आधार, बँकेचं पासबुक एका प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि जिथं जाल तिथल्या आशाताईला पहिल्या आठवड्यातच भेटा. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५००० रुपये आहेत, त्यालाही हेच कागद लागतात.

तर, कळा. शेवटच्या महिन्यात पोट मधूनच घट्ट होतं आणि सुटतं. चाललं, पाणी प्यायलं, कूस बदलली की थांबतं. त्या खोट्या कळा. खऱ्या कळा थांबत नाहीत. माझ्या बऱ्याचशा पाळीतल्या दुखण्यासारख्या सुरू झाल्या, कंबरेतून. मग ते दुखणं दोन्ही बाजूंनी पुढं ओटीपोटात येतं, पोट दगडासारखं होतं, चढतं, चढतं आणि उतरतं. हे उतरणं मला कुणी सांगितलं नव्हतं. कळ एक मिनिटभराची असते, नंतर सुटका मिळते. त्या सुटकेत श्वास घ्यायचा, घोटभर पाणी प्यायचं, पुढच्या कळेचा विचार करायचा नाही. बोलायला सोपं आहे म्हणा.

सुरुवातीला कळा दूरदूर असतात, हळूहळू जवळ येतात. पहिल्या वेळी गर्भपिशवीचं तोंड उघडायला वेळ लागतो. सुरुवातीच्या बारीक कळांतच अख्खी रात्र जाते, मग जोराच्या कळा दहा-बारा तासही चालतात. पाच-पाच मिनिटांनी कळ यायला लागली की निघायचं. रस्ता लांबचा असेल तर त्याआधीच. चिकट, रक्ताळलेला स्राव गेला तर तोंड उघडायला लागलंय असं समजा. पाणी गेलं तर कळा नसल्या तरी निघा, आणि पाणी हिरवट असेल तर एक मिनिटही थांबू नका. गाडीसाठी १०२ किंवा १०८. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि गाडी २०११ पासून मोफत आहे.

घरी कुणाला बोलावून कळा वाढवायचं इंजेक्शन कधीही घेऊ नका. त्यानं बाळ गुदमरतं, पिशवी फाटू शकते. बाई त्यात गेलेली आहे.

शेवटी शेवटी पाय थरथरतात, उलटी होते, "मला घरी न्या" असं वाटतं. तिथं बाई हरते, आणि नेमकं तेव्हाच बाळ जवळ आलेलं असतं. मग शौचाला लागल्यासारखं वाटतं. हे महत्त्वाचं आहे, कारण पोरी तेव्हा संडासाकडे निघतात. जायचं नाही, सिस्टरला सांगायचं. ते बाळाचं डोकं असतं. जोर लावताना थोडी शी झाली तर लाजू नका, सगळ्यांचीच होते. डोकं बाहेर येताना आग होते, तिखट लागल्यासारखी. सिस्टर म्हणेल, "आता जोर नको, फुंकर घाल," तेव्हा तिचं ऐका. मग एकदम सगळं सैल. कुणी पोटावर दाब देऊन बाळ ढकलायला लागलं तर घरच्यांनी विचारावं, हे कशाला?

बाळ आल्यावर वार पडायची असते, साधारण अर्ध्या तासात. रक्त जास्त जाऊ नये म्हणून एक इंजेक्शन देतात. ते आधीच्या इंजेक्शनाहून वेगळ्या वेळेचं आणि गरजेचं आहे, नाही म्हणू नका. पहिल्या तासात बाळाला छातीला लावा. पिवळा चीक काढून टाकू नका, तीच त्याची पहिली लस.

एक लाजिरवाणी वाटणारी गोष्ट सांगते. माझ्या लेकीला माझ्या छातीवर ठेवलं तेव्हा मला माया दाटून वगैरे आली नाही. मला वाटलं, हे कोण? मी इतकी दमले होते. दोन दिवस मी आतून घाबरले होते की आपण वाईट आई आहोत. तिसऱ्या रात्री तिनं माझं बोट धरलं आणि मग जी माया आली ती आजपर्यंत आहे. बाळंतिणीला पहिल्या आठवड्यात उगाच रडू येतं, तेही चालतं. पण दोन आठवड्यांनंतरही रडतेय, झोप नाही, बाळाकडे बघवत नाही, तर बाहेरचं काही झालं म्हणून धागेदोरे करू नका, डॉक्टरांना सांगा. आणि सिझर झालेली बाई "कळा न सोसलेली" नसते. तिच्या पोटावर टाके आहेत, तिला हंडा उचलायला लावू नका.

मागच्या श्रावणात माझी धाकटी जाऊ बाळंत झाली. २०१६ पासून सरकारी दवाखान्यात बाईसोबत घरची एक बाई आत राहू शकते, अशी परवानगी आहे. मी विचारलं, सिस्टरनं चपला काढायला लावून आत घेतलं. मी काय केलं? कंबर चोळली, पाणी पाजलं, आणि प्रत्येक कळेला म्हटलं, "आली, चढली, आता उतरतेय बघ." तिनं माझ्या मनगटावर नखांचे व्रण उमटवले. बाळ आल्यावर म्हणाली, "ताई, संपलं का?" मी म्हटलं, "वार राहिलीय अजून." त्यावर ती हसली, सिस्टरही हसली.

बैठकीतल्या त्या पोरीला मी हे सगळं सांगितलं. दुखतं, हेही सांगितलं. तिनं विचारलं, "मग माझी आई येऊ शकेल का आत?" पुढच्या आठवड्यात ती माहेरी जातेय. येत्या ९ तारखेला तपासणीला जाताना आईला सोबत नेऊन ती दवाखान्यात तेच विचारणार आहे.