सन यत्-सेन यांच्या कोटाचे बटण

गेल्या दिवाळीच्या सुटीत दारव्ह्याला मामांकडे गेलो होतो. फराळ आटोपला, पान जमले आणि मामींनी माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली काढवली. पेटी आजोबांची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते आसामात दिंजानच्या विमानतळावर लष्करी खात्यात कारकून होते. हिमालयाचे शेंडे ओलांडून चीनमध्ये माल नेणारी विमाने तिथूनच उडत. वैमानिकांनी फेकून दिलेल्या लखोट्यांवरची तिकिटे आजोबा पाण्यात भिजवून सोडवीत आणि हिशेबाच्या वहीत चिकटवीत. काही लखोटे त्यांनी तसेच राखले होते.

"बापू, एवढा शिकला तू, पाह्य बरं हे काय होय," मामी म्हणाल्या. "रद्दीत द्यायचं म्हणत होते मी."

मराठीच्या मास्तराला चिनी तिकिटांतले काय कळणार? पण "मला कळत नाही" असे म्हणण्याची सवय आमच्या धंद्यात कुणाला नसते. वही यवतमाळला घेऊन आलो, नागपूरच्या एका छंदी मित्राकडून लंडनच्या स्टॅन्ली गिबन्सचा जाडजूड कॅटलॉग मागवला आणि वहीतल्या तिकिटांशी चित्रे ताडू लागलो. बहुतेक तिकिटांवर एकच चेहरा : चिनी प्रजासत्ताकाचे जनक डॉ. सन यत्-सेन, बंद गळ्याचा कोट घातलेले. एका लखोट्यावरच्या तिकिटाशी हुबेहूब जुळणारे चित्र सापडले. त्या चित्राच्या यादीतील एका ओळीसमोरचा आकडा पाहिला आणि माझा जीव खालीवर झाला. पौंडांचे रुपये केले. लगेच मामींना फोन लावला.

इथेच माझी चूक झाली. मामांच्या मागल्या खोलीचे छप्पर दोन पावसाळे गळत होते. कौले काढून पत्रे टाकायचे होते. मामींनी मिस्त्री बोलावून मापे घेववली.

त्या एका चित्राखाली ओळी होत्या पुष्कळ, आणि मी बोट ठेवले होते नेमके सर्वांत महाग ओळीवर. हे लक्षात यायला मला आठ दिवस लागले. पुण्याच्या भाच्याने अमेरिकन स्कॉट कॅटलॉगची पाने पाठवली, तेव्हा डोळे उघडले. दोन्ही कॅटलॉगांत तिकीट तेच, पण क्रमांक निराळे, किमती निराळ्या, मांडणीही निराळी. स्कॉटने मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती : याच चित्राचे तीन छाप आहेत. पहिल्या छापात कोटाचे बटण अर्धे वर्तुळ आहे आणि डोक्यावर छायेच्या सहा रेघा आहेत. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात बटण पूर्ण गोल, रेघा नऊ. त्या दोहोंतला फरक वरच्या चौकटीच्या रेघेत.

मग भिंग आले. कडेचे दात मोजणे आले. दोन सेंटिमीटरात किती भोके बसतात, ते या शास्त्रातले माप. कागदातले जलचिन्ह पाहणे आले. आमच्या सौभाग्यवतींनी माझ्या मेजावरचा पसारा पाहून "परीक्षेचे पेपर कधी तपासणार?" एवढेच विचारले. शेवटी निकाल लागला : बटण पूर्ण गोल, दात साडेबारा, जलचिन्ह नाही. म्हणजे हाँगकाँगच्या चुंग ह्वा छापखान्यातले साधे तिकीट. किंमत शेवटच्या रांगेतली. आणि शेवटच्या रांगेतली किंमत ही मुळी तिकिटाची नसतेच. दुकानदाराने ते वेगळे काढून, पाकिटात घालून हाती दिल्याची ती मजुरी असते, हे छंदी मित्राने मागाहून सांगितले. आधी सांगितले असते तर बरे झाले असते!

पण तोवर मी या प्रकरणात गुंतलो होतो. हाँगकाँगच का, हा प्रश्न मला सोडीना. सन यत्-सेन यांच्या तिकिटांची पहिली मोठी मालिका १९३१ साली लंडनला डी ला रू कंपनीकडे छापली गेली. कागद, शाई, सगळे साहेबी. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. १९३८ पासून तिकिटे हाँगकाँगला चुंग ह्वाकडे आणि पुढे दा तुंगकडे छापून येऊ लागली. डिसेंबर १९४१ मध्ये हाँगकाँगही पडले. मग छपाई आत सरकली : फूच्येन प्रांतातल्या पाइचेंग छापखान्यात आणि हंगामी राजधानी चुंगकिंगमध्ये. तिथली तिकिटे हातात घेतली की बोटालाच कळते. कागद गावठी, भरड. पुष्कळदा मागे डिंक नाही. उत्तरेत जपान्यांच्या ताब्यातल्या होनान, होपेई, शान्सी, शांतुंग वगैरे मुलखांत तर १९४१ साली त्याच सन यत्-सेन यांच्या चेहऱ्यावर प्रांतांची नावे ठोकून तिकिटे विकली गेली. लढाई हरत मागे हटणारे एक सरकार, आणि त्याच्या मागोमाग पळणारे त्याचे छापखाने. कॅटलॉगवाले याला केवळ "छपाईतील भेद" म्हणतात.

शांघायच्या मा महाशयांनी १९४७ मध्ये चिनी तिकिटांचा सचित्र कॅटलॉग काढला. त्यानंतर लवकरच चलन इतके कोसळले की ऑगस्ट १९४८ मध्ये तीस लाख जुन्या युआनांना एक नवा सुवर्ण युआन मिळू लागला. तिकिटांवर शून्ये वाढत गेली.

आमच्या लखोट्याचे कोडे मात्र अजून उरले होते. शिक्क्यातल्या वर्षाच्या जागी तीन आडव्या रेघा, एक अधिकचिन्ह, एक रेघ. तीन, दहा, एक. म्हणजे एकतीस. मी १९३१ धरले. पण चुंग ह्वाचे तिकीट १९३८ चे, ते १९३१ साली पोस्टात कसे पडेल? दोन रात्री डोके खाजवल्यावर उलगडा झाला : चिनी शिक्क्यावर प्रजासत्ताकाचा शक असतो आणि त्याचे पहिले वर्ष १९१२. एकतीसावे म्हणजे १९४२.

आणि १९४२ म्हटल्यावर मराठी माणसाला सोलापूर आठवल्याशिवाय राहत नाही. १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच भारतीय डॉक्टर मुंबईहून बोटीने चीनला निघाले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. चौघे परतले. कोटणीस उत्तरेतल्या सरहद्द प्रदेशात, बेथ्यून यांच्या नावाच्या इस्पितळात, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत राहिले. तिथेच क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले आणि मुलाचे नाव ठेवले इन्हुआ, म्हणजे भारत-चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. वय अवघे बत्तीस. १९८२ साली चीनने त्यांच्यावर तिकिटे काढली, १९९३ मध्ये भारताने. दोन्ही मी आता मिळवली आहेत. कॅटलॉगात त्यांचीही किंमत शेवटच्याच रांगेतली.

मामींना खरे सांगायला स्वतः दारव्ह्याला गेलो. फोनवर तोंड होईना. त्या ऐकून घेत होत्या, मधे फक्त एकदा "मिस्त्रीला काय सांगू मग?" म्हणाल्या. मामांनी सोयाबीन विकून निम्म्या खोलीवर पत्रे टाकले. उरलेल्या निम्म्याचे पैसे मी दिले. ते त्यांनी उसने म्हणून लिहून ठेवले आहेत.

जाताना मी भिंग आणि वही त्यांच्याकडेच ठेवली. परवा मामेबहीण सांगत होती, घरी कुणी पाहुणा आला की मामी वही काढतात, भिंग त्याच्या हातात देतात आणि म्हणतात, "बटण पाह्य आधी. पुरं गोल आहे की नाही?"