‘अर्जंट आहे, कुणी सांगेल का?’

‘रेल्वेचं तिकिटाचं अ‍ॅप चालत नाहीये. अर्जंट आहे. कुणी सांगेल का?’ डोंबिवली-ठाण्याच्या लोकल प्रवाशांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी असा मेसेज पडला की पाठोपाठ सल्ले सुरू होतात. अ‍ॅप काढून पुन्हा टाका, वॉलेटमध्ये पैसे आहेत का बघा, फोन बंद करून चालू करा. विचारणारा तोवर खिडकीच्या रांगेत उभा राहिलेला असतो. यात अनेकदा बिघाड नसतोच. रुळांजवळ किंवा फलाटावर उभं राहून मोबाइलवरचं कागदविरहित तिकीट काढता येऊ नये, अशी तजवीज रेल्वेने जीपीएसच्या आधारे मुद्दाम केलेली आहे. ‘डोंबिवलीच्या पुलावर उभा आहे, स्क्रीनवर असा असा मजकूर येतोय’ एवढं लिहिलं असतं तरी पहिल्याच उत्तरात काम झालं असतं.

‘अर्जंट’ लिहिलं की लोक लवकर धावतात, हा यातला सर्वांत लाडका गैरसमज. उत्तर देणारा पगारी नोकर नसतो. तोही गर्दीत लोंबकळत, एका हाताने टाइप करत असतो. एरिक रेमंड आणि रिक मोएन यांनी प्रश्न विचारण्याच्या रीतीवर २००१च्या सुमारास लिहिलेल्या प्रसिद्ध मार्गदर्शिकेत तर प्रश्नावर ‘अर्जंट’चा शिक्का मारूच नका, असं बजावलं आहे. घाई विचारणाऱ्याची असते. उत्तर देणाऱ्याला हवा असतो तपशील.

हा तपशील कसा काढून घ्यावा, याचा छान नमुना ठाण्यापासून जवळच, पवईला आहे. आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे छोटे ध्वनिचित्रधडे तयार करतो, मराठीतही. त्याच्या प्रश्नमंचावर शंका विचारायची तर आधी विषय निवडायचा, मग धडा, आणि मग त्या धड्यातलं मिनिट आणि सेकंदही. ‘काही समजलं नाही’ असं मोघम लिहायला जागाच कमी ठेवलेली.

‘इंग्रजी मोडकंतोडकं आहे, कोण उत्तर देणार?’ ही भीती तरुणांत फार दिसते. २००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाची स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन आणि जपानी भावंडं आहेत, भारतीय भाषेतलं एकही नाही, हे खरं. पण तिथे दुसऱ्याच्या प्रश्नातलं व्याकरण कुणीही सुधारू शकतो. गाळलेला एरर मेसेज मात्र दुसऱ्या कुणाला भरता येत नाही. तो अक्षरशः, जसाच्या तसा चिकटवावा. स्क्रीनचा तिरपा फोटो काढून पाठवला की मजकूर शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध तज्ज्ञालाही तो वाचता येत नाही. मराठी विकिपीडियाबद्दल मराठीतच विचारायचं असेल तर तिथली ‘चावडी’ आहेच.

‘सगळ्यांना कशाला त्रास? पर्सनलला या.’ ऐकायला हे सभ्य वाटतं. प्रत्यक्षात दिलेलं उत्तर उद्या तीच अडचण येणाऱ्यांसाठीही असतं. खासगीत गेलं की त्यांच्यापासून ते कायमचं लपतं. शिवाय चुकीचं उत्तर चारचौघांत दिलं तर कुणीतरी हटकतं, इनबॉक्समध्ये कोण हटकणार? भामट्यांना हाच आडोसा हवा असतो. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईतल्या एका महिलेचं प्रकरण गाजलं. आरएसी तिकिटाची चौकशी करताना तिने तिकिटाचा तपशील आणि मोबाइल नंबर ट्विटरवर उघड टाकला होता. ‘मदतीचा’ फोन आला, एका लिंकवर दोन रुपये भरायला सांगितलं गेलं आणि सुमारे ६४ हजार रुपये गेले. म्हणजे अडचण उघड्यावर मांडायची, नंबर, पीएनआर आणि ओटीपी नाही. आपणहून फोन करणारा ‘सपोर्टवाला’ तर संशयितच समजावा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घालून शेकडो जणांना ताब्यात घेतलं, तेव्हा तिथून अमेरिकन करअधिकारी बनून फोन केले जात असल्याचं उघड झालं होतं. ‘आज रात्री वीज तोडू’ हा मेसेजही याच जातीचा. महावितरणचा खरा क्रमांक १९१२. पैसे गेलेच तर ग्रुपवर हळहळत बसण्याआधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा.

स्टॅक ओव्हरफ्लोसारख्या मंचावर प्रश्न ‘बंद’ झाला म्हणजे अपमान झाला, असंही अनेकांना वाटतं. अनेकदा तो आधीच्या उत्तराकडे वळवलेला असतो, आणि त्यावर रुसण्यात अर्थ नाही. मात्र हा गैरसमज पुरता गैरसमज नाही. नवख्यांना आपली जागा परकी आणि तुसडी वाटते, अशी कबुली स्टॅक ओव्हरफ्लोने स्वतःच एप्रिल २०१८ मध्ये दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या तिखट भाषेबद्दल माफी मागितली. ज्ञानी माणसाला उर्मटपणाची मुभा असते, हा समज तज्ज्ञांनीच पोसलेला.

एआयकडून उत्तर काढून जसंच्या तसं चिकटवणं म्हणजे मदत, ही गैरसमजांतली नवी भर. वाचायला नीटनेटकी पण बऱ्याचदा चुकीची अशी उत्तरं धडाधड येऊ लागली, तेव्हा स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटीच्या उत्तरांवर बंदी घातली.

राहिला ‘झालं, थँक्स’. आभार मानले, विषय संपला, असं लिहिणाऱ्याला वाटतं. पण कसं झालं? स्टॅक ओव्हरफ्लोवर उपयोगी पडलेल्या उत्तरावर खूण केली की उत्तर देणाऱ्याला १५ गुण मिळतात आणि खूण करणाऱ्यालाही २. व्हॉट्सअ‍ॅपवर अशी सोय नाही. तिथे मूळ मेसेजलाच रिप्लाय देऊन ‘राउटरचा चॅनेल बदलल्यावर वायफाय सुरळीत झालं’ असं लिहिलं, तर सहा महिन्यांनी सोसायटीतल्या दुसऱ्या कुणाला ‘राउटर’ शोधताना ते सापडतं. अ‍ॅडमिनने पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त ३० दिवस वर राहतो. पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं त्यामुळे ग्रुपच्या माहितीच्या चौकटीतच लिहून ठेवावी लागतात.